मदत हवी आहे: पासवर्ड मॅनेजर अपडेट केल्यापासून देवनागरीतला मुख्य पासवर्ड चालत नाही

नमस्कार मंडळी,

विंडोजवरचा पासवर्ड मॅनेजर नव्या आवृत्तीवर नेला आणि तेव्हापासून त्यातली फाइल उघडत नाहीये. 'पासवर्ड चुकीचा आहे किंवा फाइल खराब झाली आहे' एवढंच सांगतो. पासवर्ड मला पक्का पाठ आहे, गेली काही वर्षं रोज टाइप करते आहे. घरातल्या सगळ्यांची खाती त्या एका फाइलमध्ये आहेत, म्हणून काही खटपट करण्याआधी इथे विचारते आहे. प्रोग्रामचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पासवर्ड कसा आहे तेही खाली थोडंफार सांगावं लागणार आहे.

पासवर्ड म्हणजे मी स्वतः जुळवलेलं एक मराठी वाक्य आहे. आजवर ते उच्चारानुसार टाइप करायच्या साधनाने लिहायचे, म्हणजे रोमन अक्षरं दाबायची आणि देवनागरी उमटते. नव्या आवृत्तीत पासवर्ड विचारताना सगळा पडदा काळपट होतो आणि फक्त चौकट समोर राहते. तिथे माझं ते साधन उमटतच नाही. विंडोजचा मराठी इनस्क्रिप्ट कळफलक मात्र चालतो. तो मला येतो, म्हणून त्यावर टाइप केलं. डोळ्याचं चिन्ह दाबून तपासलं तर वाक्य अक्षरन् अक्षर बरोबर दिसतं, तरीही नकार.

मोबाइलवर याच फाइलची प्रत बोटाच्या ठशाने उघडते आहे. आणखी एक, ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन आता 'मुख्य प्रोग्राम सापडत नाही' म्हणतं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे का?

फाइल खरंच बिघडली असेल का? जुनी आवृत्ती परत टाकावी का?

प्रतिसाद १

ताई, बाकी सगळं बाजूला ठेवून आधी मोबाइलकडे बघा. ठशाने उघडतंय तोवरच तुमच्या हातात सगळं आहे. ठसा हा पासवर्डला पर्याय नसतो. फोनच्या सुरक्षित कप्प्यात ठेवलेली किल्ली तो फक्त मोकळी करतो. फोन रीस्टार्ट झाला, नवा ठसा नोंदवला किंवा अ‍ॅप अपडेट झालं की बरीच अ‍ॅप्स पुन्हा मुख्य पासवर्ड मागतात. तेव्हा ते अ‍ॅप लॉग आउट करू नका, अपडेट करू नका, आणि आत्ताच त्यातून एक्स्पोर्ट घ्या. सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातली यादी, मिळाली तर लक्षात असू द्या, त्यात सगळे पासवर्ड उघडे असतात. ती मेलने किंवा चॅटवर स्वतःलाही पाठवू नका. केबलने संगणकावर घ्या, काम झालं की दोन्हीकडून पुसा आणि रिसायकल बिनही रिकामा करा.

मग संगणकावरच्या फाइलची एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा. पुढचे प्रयोग नेहमी प्रतीवर करायचे.

जुनी आवृत्ती इतक्यात नको. नवी आवृत्ती कधी कधी फाइलचा साचाच बदलते आणि मग जुनीला ती वाचता येत नाही. कीपास या पासवर्ड मॅनेजरच्या २.३५ या आवृत्तीने २०१७ मध्ये केडीबीएक्स ४ हा साचा आणला, तो त्याआधीच्या आवृत्त्यांना उघडत नव्हता. तुमच्याकडे तसं झालं असेल तर मागे जाऊन गोंधळ दुप्पट होईल.

प्रतिसाद २

वाक्यात 'ऱ्य' किंवा 'ऱ्ह' आहे का? पासवर्ड सांगू नका, फक्त हो की नाही ते सांगा.

धागाकर्ती

एक्स्पोर्ट घेतला, प्रतही ठेवली. खूप आभार, जीव भांड्यात पडला.

हो, 'ऱ्या' एका ठिकाणी आहे.

प्रतिसाद २

मग माझा संशय तिथेच आहे. डोळ्यांना एकच दिसणारं हे अक्षर संगणकात दोन वेगळ्या रीतींनी साठवलं जातं. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ उमटतो, त्याचा युनिकोड संकेतांक, म्हणजे संगणकात अक्षराला दिलेला क्रमांक, ०९३१. त्याला हलन्त आणि मग य. दुसरी रीत अशी की साधा र म्हणजे ०९३०, मग हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह, आणि मग य. उच्चारानुसार चालणारी बरीच साधनं ही दुसरी रीत वापरतात. पडद्यावर दोन्हीकडे तोच वळणदार अर्धा र येतो, म्हणून डोळ्याचं चिन्ह दाबून काही कळणार नाही.

पासवर्ड मॅनेजर मात्र अक्षराचं रूप पाहत नाही. संकेतांकांच्या मालिकेतून आर्गॉन२ सारख्या कृतीने किल्ली तयार होते आणि मालिकेत एक बिट बदलला तरी किल्ली पूर्ण वेगळी निघते. त्यामुळे 'जवळपास बरोबर आहे' असं तो सांगूच शकत नाही. बहुतेक प्रोग्रामना चुकीची किल्ली आणि बिघडलेली फाइल यांतला फरकही करता येत नाही, म्हणून तो दुहेरी निरोप.

काही प्रोग्राम किल्ली बनवण्याआधी मजकुराचं प्रमाणीकरण करतात, म्हणजे समान मानलेली लिखाणं एकाच रूपात आणतात, पण त्याचा इथे उपयोग नाही. ऱ आणि 'र खाली नुक्ता' (म्हणजे अक्षराखालचा ठिपका) या दोन लिखाणांना युनिकोड समान मानतं, मात्र अदृश्य जोडचिन्हाची मालिका त्यात बसत नाही.

तपासायला सोपं आहे. नोटपॅड उघडा, फक्त 'ऱ्य' एवढंच एकदा इनस्क्रिप्टने आणि एकदा तुमच्या साधनाने लिहा. शेवटी कर्सर ठेवून बॅकस्पेसने एकेक पुसत या. एकीकडे तीन वेळा दाबावं लागलं आणि दुसरीकडे चार वेळा, तर चोर सापडला. वाक्यात आकडे असतील तर तेही पाहा. १ आणि 1 हे संगणकाला दोन वेगळे आकडे आहेत.

धागाकर्ती

तीन आणि चार! अगदी तुम्ही म्हणालात तसंच. आकडे वाक्यात नाहीत.

पण मग त्या काळ्या पडद्यावर माझं साधन का येत नाही? ते आलं असतं तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

प्रतिसाद २

तो सुरक्षित डेस्कटॉप आहे. प्रशासकाची परवानगी मागताना विंडोज जसा पडदा झाकते, तसाच. पासवर्डची चौकट एका वेगळ्या डेस्कटॉपवर उघडते, म्हणजे नेहमीच्या डेस्कटॉपवर चालणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामला, म्हणजे कळा चोरून टिपणाऱ्यालाही, तिथलं काही वाचता येत नाही. तुमचं टाइप करायचं साधनही कळा मध्येच पकडूनच काम करतं, त्यामुळे त्यालाही बाहेर थांबावं लागतं. इनस्क्रिप्ट हा विंडोजचा साधा कळफलक आहे, म्हणून तो आत चालतो. अपडेटने ही सोय आपणहून सुरू केलेली दिसते.

प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये, सुरक्षा या भागात ती बंद करता येईल. सेटिंग उघडायला फाइल उघडलेली असावी लागत नाही. बंद करा, जुन्या साधनाने टाइप करा. नोटपॅडमध्ये लिहून कॉपी-पेस्ट करू नका. विंडोजचा क्लिपबोर्ड इतिहास सुरू असेल तर तो शेवटच्या २५ गोष्टी धरून ठेवतो, आणि सिंक चालू असेल तर त्या दुसऱ्या यंत्रावरही पोचतात.

प्रतिसाद ३

एक्स्टेन्शनचा प्रश्न वेगळा आहे. ब्राउझर थेट प्रोग्रामशी बोलत नाही. प्रोग्राम कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते सांगणारी एक छोटी जेसन फाइल असते आणि विंडोजमध्ये तिचा पत्ता रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या अंतर्गत नोंदवहीत, नोंदलेला असतो. नवी आवृत्ती दुसऱ्या फोल्डरमध्ये बसली असेल तर तो पत्ता जुनाच राहतो. सेटिंगमधलं ब्राउझर जोडणीचं खूण-घर काढून जतन करा, परत खूण करा, ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा. नोंद नव्याने लिहिली जाते.

धागाकर्ती

उघडली! सुरक्षित डेस्कटॉप बंद केला, नेहमीच्या साधनाने वाक्य लिहिलं आणि पहिल्याच फटक्यात उघडली. सगळ्या नोंदी जागेवर आहेत. एक्स्टेन्शनही जोडलं गेलं.

आता मुख्य पासवर्ड बदलायचा आहे, म्हणजे सुरक्षित डेस्कटॉप परत सुरू करता येईल. काय ठेवावं?

प्रतिसाद ४

सरळ इंग्रजी ठेवा. देवनागरी पासवर्ड ठेवून आपणच आपल्याला अडचणीत आणतो. इंग्रजी शब्दांच्या तयार याद्या मिळतात. ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून सहा शब्द घ्या. पुरेसे आहेत.

धागाकर्ती

फाशांची कल्पना घेते. स्वतः जुळवलेल्या वाक्यापेक्षा फाशांनी निवडलेले शब्द बळकट, हे पटलं. पण भाषा सोडायचं मला पटत नाही. जे शब्द रोज तोंडात असतात तेच घाईत आणि आजारपणातही आठवतात, आणि मुख्य पासवर्ड नेमका तेव्हाच लागतो. अडचण देवनागरीची नाही, एका जोडाक्षराची आहे, आणि ते टाळता येतं. शब्दकोशातून मराठी शब्दांची यादी मी स्वतः करणार आहे. त्यात ऱ नको, नुक्ता नको, शक्यतो जोडाक्षरच नको. 'पाऊस', 'हिरवा', 'मुलगी' असे शब्द कुठल्याही साधनाने लिहिले तरी एकच मालिका देतात.

प्रतिसाद २

हे चालेल. यादी लहान झाली तर शब्दांची संख्या वाढवा, सहाऐवजी आठ घ्या. आणि नवा पासवर्ड ठरवण्याआधी तो इनस्क्रिप्टवर, मोबाइलच्या कळफलकावर आणि तुमच्या साधनावर, तिन्हीकडे एका रिकाम्या फाइलवर वापरून पाहा.

एक राहिलं. पासवर्ड बदलल्यावर फक्त चालू फाइल बदलते. पेन ड्राइव्हवरची प्रत आणि जुने बॅकअप जुन्याच पासवर्डने उघडत राहतील. ते ठेवायचे असतील तर जुनं वाक्य आणि ते कुठल्या साधनाने टाइप करायचं हे कागदावर लिहून कुलूपबंद ठेवा. नाहीतर नवा बॅकअप घेऊन, तो एकदा उघडून पाहून, मगच जुने पुसा.

धागाकर्ती

जुने पुसते. नवा बॅकअप सुरक्षित डेस्कटॉप सुरू ठेवून, इनस्क्रिप्टने उघडून पाहिला. उघडला. मोबाइलवरही नवा पासवर्ड हाताने टाइप करून पाहिला आणि मगच ठसा परत जोडला. एक्स्पोर्टची सीएसव्ही फोनवरून आणि संगणकावरून पुसली आहे. सगळ्यांचे मनापासून आभार.