मदत हवी आहे : उसावर फवारताना ड्रोन तारेत गेला, तारा ध्यानात ठेवता तरी कशा?

नमस्कार मंडळी. मोहोळ तालुक्यात भाड्यानं ड्रोनची फवारणी करतो, १० लिटरचं मशीन आहे. गेल्या आठवड्यात शेजारच्या गावात आठ महिन्यांच्या उसावर तांबेऱ्याचं औषध मारत होतो. चार एकर ऑटोवर व्यवस्थित झालं. बांधाकडेचा एक पट्टा तेवढा राहिला. टाकीत दीडेक लिटर औषध होतं, म्हटलं आता परत मॅप कुठं काढत बसता, हातानंच मारून टाकू. दिवस मावळतीला, माझं तोंड पश्चिमेला. विहिरीच्या मोटारीला गेलेली तार मधे आली. खटकन आवाज झाला आणि मशीन उसात गायब! शोधायला पाऊण तास गेला, पाचटानं हात सोलून निघाले. दोन आर्म मोडलेत. बॅटरी फुगली होती, ती मोकळ्या रानात नेऊन ठेवली. नशीब, तेव्हा लाईट नव्हती.

खरी बोच वेगळीच आहे. ती तार मला माहीत होती. दुपारी तिच्याच खाली बसून चहा प्यालो होतो. समोरचं रडार झाड ओळखतं, खांब ओळखतं, एकेरी बारीक तार मात्र त्याला दिसली नाही.

रात्री झोप येईना म्हणून फवारणीच्या विमानांचे अपघात वाचत बसलो. पिकाच्या वर १०-१२ फुटांवरून ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगानं जातात हे लोक! २०११ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात ओकलीजवळ असं एक विमान वारा मोजायच्या बारीक मनोऱ्यावर आदळलं, वैमानिक गेला. मनोरा १९७ फुटांचा. २०० फुटांच्या आत असल्यामुळं त्याला रंग-दिव्याची सक्ती नव्हती. आणि ऑस्ट्रेलियातल्या तपास यंत्रणेच्या अभ्यासात निघालं, की तारेला धडकलेल्या वैमानिकांपैकी निम्म्याहून जास्त जणांना ती तार आधीच ठाऊक होती. म्हणजे चहा पिऊन विसरणारा मी एकटा नाही. पण मी बांधावर उभा होतो, ते आत बसलेले होते.

तर विचारायचं हे, की तुम्ही रानातल्या तारा कशा लक्षात ठेवता? मालकाला विचारलं तर तो "काही अडचण नाही, मारा" म्हणतो. दुसरं, थर्ड पार्टी विमा नियमानं घेतलेलाच आहे, पण मशीनच्या नुकसानीचा वेगळा विमा कुणी काढलाय का?

प्रतिसाद १ (बार्शी)
भाचा क्वीन्सलंडला फवारणीच्या विमानात औषध भरायच्या कामावर आहे. त्याचा वैमानिक आधी रानाला वरून घिरट्या घालतो, तार शोधतच नाही, खांब मोजतो. खांबावरचे चिनी मातीचे कप कुठल्या बाजूला आहेत, ताणाची तार कुणीकडं ओढलीय, त्यावरून तार कुठं जाते ते कळतं. एकटाच खांब दिसला तर दुसरा झाडात लपलाय असं समजायचं. आणि शेवटच्या उरलेल्या पट्ट्याला तो सगळ्यात जास्त भितो. काम संपत आलेलं असतं, डोकं घरी पोचलेलं असतं. तुम्ही नेमकं तिथंच गेलात.

प्रतिसाद २
तारेला चिंध्या बांधायच्या भानगडीत पडू नका. तारेखाली बांधावर काठीला पिवळी पिशवी लावा. पुढच्या वेळी मशीन तारेवर लटकलं तर काठीनं काढायचं नाही, वायरमनला बोलवायचं, लाईट असो नसो. मशीनचा विमा वेगळा मिळतो, फक्त पॉलिसीत हातानं उडवताना झालेलं नुकसान बसतं का ते वाचून सही करा.

धागाकर्ता
आभार. काल परत जाऊन खांब मोजले, दुसरा खरंच बाभळीत होता. मालकाच्या आईनं विचारलं, "त्या तारेवर सकाळ-संध्याकाळ होले बसत्यात, तुला तेबी दिसलं न्हाईत व्हय रं?"