भंगाराचं शिल्प केलं म्हणजे पृथ्वी वाचली?

गंजका_खिळा: शेजारच्या धाग्यात एकाने लिहिलंय की भंगारातून शिल्प करणारा प्रत्येक कलाकार पृथ्वीवरचा भार हलका करतो. वाचून डोकंच फिरलं. अहो, लोखंड, तांबं, अॅल्युमिनियम वाया जातंच कुठे? भंगारवाला वजनावर घेतो, भट्टीत जातं, परत माल तयार. तुम्ही त्याला मधेच अडवून वर इपॉक्सी, म्हणजे घट्ट बसणारं प्लास्टिकसारखं रसायन, ओतता. खरा कचरा म्हणजे वेफर्सची अनेक थरांची पाकिटं, थर्माकोल. त्यांना कुणी हात लावत नाही, कारण ती देखणी गंजत नाहीत!

आडवी_रेघ: कचरा उचलणं हे कलेचं खातं नव्हे. पिकासोने 1942 मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, ते काय सायकल वाचवायला? घानाचा शिल्पकार एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची अॅल्युमिनियमची बुचं चपटी करून तांब्याच्या तारेने जोडतो. युरोपीय व्यापाऱ्यांनी आफ्रिकेत दारू आणली, तो सगळा इतिहास त्या बुचांत आहे. 2023 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाने आपलं मोठं दालन, टर्बाइन हॉल, त्याला दिलं, ते काय वजनावर?

गंजका_खिळा: मग प्रदर्शनाच्या पाटीवर 'शाश्वत' कशाला लिहिता?

ठिणगी: पाटीचं राहू द्या. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा वेल्डिंगने जोडणार असाल तर आधी जस्त घासून काढा, त्याचा धूर बाधतो. शिकाऊ असताना मी बंद खोलीत तसाच जोडला. रात्री हुडहुडी भरून ताप, तोंडाला धातूची चव. जुन्या रंगात शिसं असतं ते वेगळंच.

आडवी_रेघ: इथे कलेबद्दल चाललंय, कारखान्याबद्दल नाही.

ठिणगी: वा! तुमच्या त्या कलेला टाके मारतो कोण? एका शिल्पकाराकडे मी महिनोन्‌महिने काम केलं. कागदावरची रेघ त्यांची, धूर माझ्या छातीत. मास्क मागितला तर म्हणाले, खिडकी उघड.

आडवी_रेघ: एका माणसावरून सगळ्यांना झोडू नका.

ठिणगी: बैलाच्या एका डोक्यावरून तुम्ही काय केलंत?

जुनं_फडताळ: भांडा खुशाल. पण तांबं आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकलेलं असलं आणि ओल लागली, की अॅल्युमिनियम झिजतं. घरी बुचांचे पडदे करणाऱ्यांनो, ते बाल्कनीत टांगू नका.

गंजका_खिळा: बरं, बुचांवरचा आक्षेप मागे. इपॉक्सीवरचा नाही.

आडवी_रेघ: उपकार झाले. आणि आमच्या पाटीवर वेल्डरचं नाव असतं, येऊन बघा.

ठिणगी: बघितलंय. 'साहाय्य: इतर'.