जानेवारीत केदारकंठा, बर्फातल्या धारेवर कसं चालायचं?

संत्रानगरी:
आम्ही चौघं नागपूरहून जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावर जाऊन राहिलो, उंची साधारण 3800 मीटर. आतापर्यंत रामटेक अन् पचमढीच केलंय, बर्फ कधी पाहिलाच नाही. शेवटच्या धारेची, म्हणजे डोंगराच्या अरुंद माथ्याची, घरी सगळ्यांना भीती वाटते. काय सांभाळायचं?

धरमपेठकर:
भाऊ, आधी कॉर्निस समजून घ्या. वारा बर्फ उडवून धारेच्या पलीकडं छज्ज्यासारखा साचवतो, वरून जमीनच वाटते पण खाली पोकळ, अन् तुटतो तेव्हा नुसता काठ नाही, बराच आतपर्यंत तुटू शकतो. म्हणून वारा येतो त्या बाजूनं, काठापासून चांगलं लांब चाला, फोटोसाठी कडेला अजिबात जाऊ नका.

पहाडवेडा:
कडक बर्फावर मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटांवर चढवायचे छोटे खिळे, लागतातच. 30 ते 45 अंशांच्या उतारावर हिमस्खलन जास्त होतं, ताजा बर्फ खूप पडला असेल तर थांबा. गाइड परत फिरा म्हणाला की फिरा, पैसे गेले तरी चालतील.

संत्रानगरी:
थँक्स भाऊ. अन् उंचीमुळं डोकं दुखलं तर?

धरमपेठकर:
वर चढायचं नाही, तिथंच आराम, वाढलं तर लगेच खाली. नागपूर 310 मीटरवर आहे, शरीराला वेळ द्या.