मदत हवी आहे: अंगणातल्या दिव्यासाठी कोणता मोशन सेन्सर?

घर रत्नागिरीजवळ. बेड्यापासून (फाटकापासून) पडवीपर्यंत साधारण 10 मीटर अंगण. रात्री माणूस आत शिरला की 20 वॅटचा एलईडी फ्लडलाइट लागावा, एवढंच हवंय.

सध्या पडवीच्या वाशाला अडीच मीटरवर पीआयआर सेन्सर (अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा) आहे. मांजरासाठी दिवा लागायचा. लेन्सच्या खालच्या भागावर काळी चिकटपट्टी लावली, ते थांबलं. पण बेड्यातून सरळ येणारा माणूस पायरीशी पोचला तरी अंधारच. पीआयआरला आडवी हालचाल पटकन कळते, समोरून येणारी उशिरा, म्हणून तो कोपऱ्यातल्या खांबावर हलवला. बराच फरक पडला, पण मे महिन्यात पुन्हा मंद. संध्याकाळी चिऱ्याचा गडगा (कुंपणाची दगडी भिंत) तापलेलाच असतो, त्यापुढे अंगाची ऊब वेगळी दिसणार कशी!

दुकानदार मायक्रोवेव्ह सेन्सर (लहरी सोडून हालचाल ओळखणारा) घ्या म्हणतो. उष्णतेशी त्याला देणंघेणं नाही, खरं. पण गडग्याला लागून केळी आहेत आणि पावसाळी वाऱ्यात ती पानं क्षणभर स्थिर नसतात, म्हणजे दिवा उगाच लागत राहणार. ड्युअलमध्ये (पीआयआर आणि मायक्रोवेव्ह एकत्र) दोन्ही सेन्सरनी होकार दिला तरच दिवा लागणार, म्हणजे मेमधलं दुखणं तसंच.

वायफायवाला नको, आईबाबा वापरणार आहेत. न्यूट्रल वायर आहे, लाइन इन्व्हर्टरवर आहे. बजेट 2000 रुपये, किमान आयपी65 (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) हवा. केळी तोडणार नाही!

बेड्याच्या खांबावर दुसरा रिलेवाला (आत दिव्याचा स्विच असलेला) पीआयआर बसवून दोन्ही समांतर जोडले तर चालेल का, की केळी असूनही कोणाचा मायक्रोवेव्ह पावसाळ्यात नीट चाललाय?