गिटारचा ॲम्प घ्यायचाय, बजेट ८ हजार

(सोसायटीचा ग्रुप, देवपूर, धुळे. शनिवार दुपार)

वैशालीताई ए-३०२: नमस्कार मंडळी. गिटारच्या ॲम्पमधलं कोणाला कळतं का? ओमला इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली, आता म्हणतो ॲम्पशिवाय ती ऐकूच येत नाही. बजेट ८ हजार. आग्रा रोडला एका दुकानात ४० वॉटचा दाखवला, बसतोय बजेटमध्ये. पण ओम नको म्हणतो. मुलाचं ऐकू की दुकानदाराचं?

आप्पा (सेक्रेटरी): ताई, ४० वॉट म्हणजे आवाज केवढा ते आधी सांगा. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, असा नियम आहे. २००० सालापासूनचा.

नाना बी-२०४: टाकीत पाणी चढवलं का कोणी?

आप्पा (सेक्रेटरी): चढतंय नाना. अर्धा तास.

जिभाऊ बी-१०१: वं ताई, मन्हा अहुजाना लाउडस्पीकरना ॲम्प शे ना घरमा. कसाले नवा लेवाना? पोऱ्याले सांग, लई जाय.

निखिल सी-४०३: वैशालीताई, ओमचं ऐका. खोलीत वाजवायला ४० वॉट लागत नाहीत, आणि त्या किमतीत ४० वॉट देणाऱ्याने पैसे कुठेतरी वाचवलेले असणारच. बहुतेक स्पीकरमध्ये आणि पेटीच्या लाकडात. वॉटचा आकडा खोक्यावर मोठा छापता येतो, स्पीकरचा दर्जा छापता येत नाही.

सोनवणे सर बी-३०४: निखिल, छापता येतो, पण छापत नाहीत. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला वॉट साधारण दहापट करावे लागतात. म्हणजे ४ वॉटवरून ४० वर गेलात तेव्हा कुठे ‘दुप्पट’. आता स्पीकर धरा. १ वॉट दिल्यावर १ मीटरवर एक स्पीकर ९० डेसिबल देतो आणि दुसरा ९७. फरक ७ डेसिबल, म्हणजे पाचपट वॉटचा. दुसऱ्या स्पीकरचा ५ वॉटचा ॲम्प पहिल्याच्या २५ वॉटला गाठतो.

आप्पा (सेक्रेटरी): सर, मग ५ वॉटचाच घ्यायला सांगा ना. विषय संपला.

मनीषावहिनी ए-२०१: आप्पा, तुम्हाला ० वॉटचा हवाय.

निखिल सी-४०३: 😄 जिभाऊ, अहुजाला नाव ठेवायची माझी छाती नाही. १९४० पासूनची कंपनी, आपल्या निम्म्या लग्नांच्या मंगलाष्टका त्यातूनच ऐकल्यात. पण तो बोलण्यासाठी आणि गाण्यासाठी केलेला. गिटारच्या पिकअपला (तारांखालचा, आवाज पकडणारा चुंबकी भाग) समोरच्या इनपुटचा विजेला विरोध १ मेगाओमच्या आसपास लागतो. माइकच्या इनपुटचा त्याहून कितीतरी कमी असतो. मग आवाज येतो, पण वरचं सगळं मरतं, तार कोरडी आणि मातकट लागते. दुसरी गोष्ट डिस्टॉर्शनची, म्हणजे रॉकमधल्या त्या मुद्दाम फाडलेल्या आवाजाची. गिटारचा स्पीकर ५ हजार हर्ट्झच्या वर जवळपास गप्प होतो. तो दोष नाही, त्यावरच तर सगळा टोन उभा असतो. तेच डिस्टॉर्शन होम थिएटरच्या ट्वीटरमधून (वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर) काढलं तर गरम कढईत पाणी शिंपडल्यासारखं चरचरतं.

जिभाऊ बी-१०१: आते समजनं. साक्री-नवापूरकडच्या बँडगाड्यांना मी साउंड लावून द्यायचो. कीबोर्ड, ऑक्टोपॅड थेट मिक्सरला लागायचे, काही तक्रार नाही. गिटारवाला मात्र पायाखाली प्रोसेसर ठेवल्याशिवाय वाजवायचाच नाही. मला वाटे, नखरे करी ऱ्हायना.

निखिल सी-४०३: नखरे नव्हते जिभाऊ. प्रोसेसर दोन्ही कामं करतो, इनपुट जुळवतो आणि गिटारच्या स्पीकरची नक्कलही करतो.

वैशालीताई ए-३०२: मग प्रोसेसरच घेऊ का? ओम विचारतोय.

निखिल सी-४०३: घेता येईल. हेडफोनवरच वाजवायचं असेल तर वाईट नाही. पण शिकणाऱ्या मुलाला शंभर आवाजांची पेटी दिली की तो दिवसभर आवाज बदलत बसतो. मी स्वतः साधा ॲम्प देईन: गेन, बास, ट्रेबल, व्हॉल्यूम, संपलं. आता नावं सांगतो. एकही नाव इन्स्टावर चमकणारं नाही.

पहिला वॉक्सचा पाथफाइंडर १०. दहा वॉट, साडेसहा इंची स्पीकर, ट्रान्झिस्टरचा. रिव्हर्ब (घुमारा) नाही, ब्लूटूथ नाही, म्हणून यूट्यूबवाले त्याला हात लावत नाहीत. क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शनशिवायचा स्वच्छ आवाज मात्र त्याच्या आकाराच्या मानाने फारच चांगला. हेडफोनचा जॅक आहे आणि तोच लाइन आउट म्हणूनही चालतो. म्हणजे गणपतीत ओमला आरतीला वाजवायचं झालं तर तिथून वायर काढून जिभाऊंच्या अहुजाच्या ऑक्समध्ये द्यायची. तेव्हा मात्र डिस्टॉर्शन बंद ठेवायचं, क्लीनच वाजवायचं.

जिभाऊ बी-१०१: हाई बात! अहुजा कामले ऊनाच.

निखिल सी-४०३: दुसरा रोलंडचा मायक्रो क्यूब, जुनं मॉडेल. २ वॉट, ५ इंची स्पीकर आणि पेन्सिल सेलवर चालतो, सहा सेल लागतात. नवीन घ्यायला गेलात तर ८ हजारांत बसणार नाही. सेकंडहँडमध्ये तो ‘लहान मुलांचा’ म्हणून निघतो आणि तिथेच आपलं फावतं. एप्रिल-मे मध्ये दुपारची लाइट गेली तरी ओमचा रियाज चालू.

डॉ. पाटीलकाकू ए-४०१: लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे की.

निखिल सी-४०३: काकू, स्वस्त इन्व्हर्टरची लाट चौकोनी असते, त्यावर ॲम्प लावला की बूंऽऽ असा आवाज मागे राहतोच. सेलवर तो प्रश्न नाही. ट्यूबलाइट आणि पंख्याच्या रेग्युलेटरजवळ बसलं तरी सिंगल कॉइलची (एकेरी कॉइलच्या पिकअपची) गिटार गुरगुरते. तेव्हा ॲम्पला शिव्या द्यायच्या नाहीत, खुर्ची फिरवून बघायची.

तिसरा ऑरेंजचा क्रश १२. सहा इंची स्पीकर, बास-मिडल-ट्रेबल तिन्ही वेगळे. ओमला रॉक वाजवायचं असेल तर हा. मिडलचं बटण वेगळं असणं या किमतीत मोठी गोष्ट आहे, कारण गिटारचा जीव मिडलमध्येच असतो.

सागर सी-१०२: भाऊ, ट्यूब ॲम्प (जुन्या रेडिओसारखा, काचेच्या व्हॉल्व्हचा) का नाही सांगत? सगळे म्हणतात ट्यूबशिवाय टोन नाही.

निखिल सी-४०३: म्हणू देत. रोलंडचा जेसी-१२० हा १९७५ सालचा, त्यात एकही ट्यूब नाही, आणि क्लीन आवाजाचं नाव निघालं की आजही आधी तोच आठवतो. ट्यूब चांगलीच असते, पण तिचा रंग खुलतो तो आवाज चढवल्यावर. ५ वॉटचा ट्यूब ॲम्प तिथवर चढवलास तर आप्पा जिना चढून येतील.

आप्पा (सेक्रेटरी): लिफ्टने येईन. पण येईन.

निखिल सी-४०३: शिवाय ट्यूब झिजतात, बदलाव्या लागतात, आणि त्या धुळ्यात कोपऱ्यावर मिळत नाहीत. आणि सागर, ट्यूब ॲम्प घरी कधीच उघडू नकोस. प्लग काढल्यावरसुद्धा आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. तो माहीतगारानेच उघडायचा.

डॉ. पाटीलकाकू ए-४०१: माझा भाचा डिसेंबरात अमेरिकेहून येतोय. तिकडे जुने ॲम्प फार स्वस्त असतात म्हणे. आणायला सांगू का वैशाली?

सोनवणे सर बी-३०४: काकू, तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. तिथला ॲम्प इथल्या बोर्डात थेट घातला तर नशीब असेल तर फ्यूज जाईल, नसेल तर ट्रान्सफॉर्मर. मग २३० चे १२० करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, तोही जड आणि महाग. तुमच्या भाच्याला म्हणावं, बॅगेत गिटारच्या तारा आणि चांगली केबल आण.

डॉ. पाटीलकाकू ए-४०१: बरं. आणि आमच्या सईची साधी गिटार आहे, लाकडी पोकळ. तिलाही लागेल का हे?

निखिल सी-४०३: नाही काकू. तिचं पोकळ खोडच तिचा ॲम्प. स्टेजवर वाजवायला लागली की बघू, आणि तेव्हा ॲकॉस्टिकचा वेगळा ॲम्प लागेल, त्यात हे डिस्टॉर्शनचं काही नसतं.

वैशालीताई ए-३०२: देशी काही नाही का रे? स्ट्रेंजर नावाचा ओमच्या मित्राकडे आहे.

निखिल सी-४०३: आहे ना. स्ट्रेंजरचे क्यूब आपल्याकडच्या कॉलेजच्या बँडमध्ये बरेच दिसतात. माइकही लागतो, म्हणून दोघा-तिघांना एकातच भागवता येतं. गिटारचा टोन म्हणाल तर मला वॉक्स जास्त आवडतो, पण माझी आवड काही कायदा नाही. दोन्ही शेजारी ठेवून ओमने स्वतःच्या गिटारने वाजवून बघावं, आवाज बारीक ठेवून. घरात बारीकच वाजवायचंय. दुकानात मोठ्याने सगळेच छान लागतात.

सागर सी-१०२: थांबा, एक फोटो टाकतो. नवापूरला मित्राच्या ओळखीत चर्चमध्ये वाजवणारा एक जण हा विकतोय. पीव्ही बँडिट. म्हणतो आवाज मध्येच जातो, मध्येच येतो, म्हणून ६ हजारांत देतो. खराबच असेल ना?

निखिल सी-४०३: अरे!! कोणी घेऊ नका, आधी मला बघू द्या. 😄

खरं सांगू का, आजच्या यादीत सगळ्यात दुर्लक्षित हाच आहे. पीव्ही ही अमेरिकेतल्या मिसिसिपीमधली कंपनी, १९६५ सालची. बँडिट १९८०च्या दशकापासूनचा. १२ इंची स्पीकर, काळा ठोकळा, दिसायला काहीच नाही, म्हणून त्याला भाव नाही. पण हे लोक ॲम्प असा बांधायचे की गाडीतून पडला तरी उचलून पुन्हा लावावा. आणि मोठा स्पीकर फक्त मोठ्याने वाजतो असं नाही, हळू वाजवला तरी खालचा आवाज भरीव येतो. लहान पेटीला ते जमत नाही.

आता त्याच्या आजाराचं. मागे ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ असे दोन जॅक आहेत का बघायला सांग. इफेक्ट लूप म्हणतात त्याला. रिटर्नच्या जॅकमध्ये एक पत्री असते. जॅकमध्ये काही नसेल तेव्हा ती टेकलेली असते आणि तिच्यातूनच आवाज पुढे जातो. वर्षानुवर्षं त्या जॅकमध्ये कोणी काही घालत नाही, पत्रीवर काट चढते, आणि आवाज जातो-येतो. त्याला सांग, एक लहान वायर घे, एक टोक सेंडमध्ये, एक रिटर्नमध्ये. आवाज पक्का झाला तर ॲम्प ठणठणीत आहे, फक्त जॅक साफ करायचाय.

जिभाऊ बी-१०१: ह्या पोऱ्याले समजस भो. हेडफोनच्या जॅकचंही असंच. त्याची पत्री बिघडली की ॲम्पला वाटतं हेडफोन लावलाय, स्पीकर बंद. लोक ‘मेला’ म्हणून भंगारात घालतात. मी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, प्लग दहा वेळा आत-बाहेर करून किती वाचवले. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते तिलाही तोच फवारा. पण ॲम्प बंद करून, प्लग काढून. आणि फवारल्यावर वाळू द्यायचा.

सोनवणे सर बी-३०४: जिभाऊ, तुम्ही इतकी वर्षं हे ज्ञान लपवून ठेवलंत?

जिभाऊ बी-१०१: कोनी इचारंच नही.

मनीषावहिनी ए-२०१: जुना घ्यायचा तर वैशालीने तपासायचं कसं? तिला यातलं काही कळत नाही, मलाही नाही.

निखिल सी-४०३: वहिनी, मी जाईन सोबत. पण ओमलाही शिकू द्या. आपली गिटार आणि आपली केबल न्यायची, नाहीतर दोष कोणाचा ते कळत नाही. गिटार न लावता ॲम्प चालू करून व्हॉल्यूम सावकाश वाढवायचा: सूंऽ असा श्वास चालेल, जाड घूंऽऽ नको. पुढची जाळी निघत असेल तर स्पीकरच्या कागदाला दोन्ही बाजूंनी बोटं ठेवून अगदी हलकं दाबायचं. खसखसलं तर कॉइल घासतेय, ॲम्प सोडून द्यायचा. मग अर्धा तास वाजवत ठेवायचा. थंड असताना सगळे शहाणे असतात, गरम झाल्यावर खरं कळतं. प्लग तीन पिनचा आहे ना, आणि अर्थिंगची पिन कोणी कापली नाही ना, हे जरूर बघा. गुरगुर थांबवायला काही लोक ती कापतात. गिटारच्या तारा धातूच्या, त्या हातात असतात, त्यामुळे यात हयगय नको.

आणि एक. ओमचा कोणी मित्र बास गिटार घेऊन आला तर त्याला या लहान ॲम्पवर लावू देऊ नका. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, बासची ४१. लहान स्पीकरचा कागद फाटू शकतो.

वैशालीताई ए-३०२: ओमने सगळं वहीत लिहून घेतलंय. अभ्यासाचं इतकं कधी लिहिलं नाही. तो म्हणतो पाथफाइंडर. सेकंडहँड एक नाशिकला दिसतोय, साडेचार हजार सांगतायत. उरलेल्या पैशांत हेडफोन.

आप्पा (सेक्रेटरी): हेडफोन आधी घ्या ताई. ॲम्प नंतर.

निखिल सी-४०३: नाशिकला माझा मावसभाऊ आहे, त्याला रविवारी पाठवतो. त्याच्याकडे गिटार आहे. व्हिडिओ कॉलवर आपण बघू, पण ऐकायचं काम त्याच्यावर सोडू. फोनमधून ॲम्पचा आवाज कळत नाही.

सागर सी-१०२: वायर लावून बघितली त्याने!! सेंड-रिटर्न. आवाज एकदम पक्का.

निखिल सी-४०३: त्याला सांगू नकोस ना की बरा झाला. 🤦

सागर सी-१०२: त्यानेच तर लावली वायर. आता ८ हजार म्हणतोय.

जिभाऊ बी-१०१: तो मी लई लेस. पुतण्याच्या बँडला. त्याले सांग, ६ म्हणता म्हणता ८ नई चालाव. जॅक साफ करना शे, नवापूरथून धुळालगून भाडं शे. ५ दिसू.

सागर सी-१०२: साडेसहा म्हणतोय. शेवटचं.

जिभाऊ बी-१०१: साडेपाच, आनि वायर त्यानीच ठेवानी.

सागर सी-१०२: हो म्हणाला. पण उचलायला दोन माणसं पाठवा, फार जड आहे म्हणतो.