मदत हवी आहे - कॉमन अ‍ॅपवर जादा रेकमेंडेशन लेटर द्यावं का?

नमस्कार मंडळी, मुलगी पुण्यात बारावीला आहे, अमेरिकेत अंडरग्रॅडसाठी कॉमन अ‍ॅपवरून (एकाच ऑनलाइन फॉर्मने अनेक कॉलेजांना अर्ज करता येतो ती साइट) अप्लाय करतेय. काउन्सेलरचं आणि फिजिक्स, इंग्लिशच्या टीचर्सचं लेटर ठरलंय. आता प्रश्न असा की ती आकाशदर्शनाच्या ग्रुपमध्ये जाते तिथले सर स्वतःहून लेटर देतो म्हणतायत, त्यांनी तिला दुर्बिणीचा आरसा हाताने घासताना, बिघडला की परत पहिल्यापासून घासायला बसताना पाहिलंय आणि हे शाळेतल्या कुणालाच माहीत नाही, म्हणून मला फार वाटतं की ते जावं.

'अदर रेकमेंडर'चा, म्हणजे काउन्सेलर-टीचर सोडून इतर कुणाचं लेटर देण्याचा ऑप्शन प्रत्येक कॉलेजचा वेगळा असतो, काही ठिकाणी एकही घेत नाहीत आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला तर अर्जासोबत लेटर्सच नको असतात, एवढं कळलंय. पण जिथे घेतात तिथे जादा लेटर खरंच वाचतात का? आणि जिथे ऑप्शनच नाही तिथे सरांनी अ‍ॅडमिशन ऑफिसला थेट ईमेल केलेला चालतो का, की उलट इंप्रेशन खराब होतं? फर्पाचा (अमेरिकेतल्या कायद्याने मिळणारा, स्वतःची लेटर्स बघायचा) हक्क तिने सोडलाय, त्यामुळे लेटर आम्ही बघणार नाही.

१ जानेवारीची डेडलाइन आहे, सरांना वेळेत सांगायचंय. ज्यांच्या मुलांनी असं लेटर दिलंय त्यांनी प्लीज सांगा.