समुद्राशेजारचं शांत पाणी : तुमचे अनुभव लिहा

माहेरवाशीण
नणंदेने गोव्याहून खोला मिरची पाठवली. पुडी उघडली आणि त्या वासासरशी खोल गावचा किनाराच डोळ्यांपुढे आला. कुकर लावलाय, तेवढ्यात लिहून काढते.

काणकोण तालुक्यात, आगोंद आणि काब द राम किल्ल्याच्या मधे आहे हा किनारा. डोंगरातून एक ओहोळ येतो आणि लाटांनी रचलेल्या वाळूच्या बांधामागे अडतो. त्याचंच लगून झालंय. बांधाच्या पलीकडे धडाधड फुटणाऱ्या लाटा, अलीकडे हिरवंगार संथ पाणी आणि काठाला माडच माड.

आई आमची सातारची. समुद्राला लांबूनच हात जोडणारी. त्यात गुडघे दुखतात, लाटेने पायाखालची वाळू सरकली की घाबरते. तिथे मात्र साडी खोचून आधी पोटऱ्यांपर्यंत उतरली, मग कमरेपर्यंत, आणि मग मला म्हणाली, "आता सोड हात." पाण्यात अंगाचा भार जाणवत नाही ना, गुडघ्यांची कुरकुर थांबली. बाबा काठावरून "अगं पुरे, बोटं सुरकुतली" म्हणून हाका मारत होते. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. आईला असं फक्त स्वतःपुरतं काही करताना मी फार कमी वेळा पाहिलंय.

सकाळी फोनवर मिरचीचं सांगितलं तर म्हणाली, "ते पाणी अजून तसंच आहे का गं?" मला उत्तर देता आलं नाही. अलीकडे कुणी गेलं असेल तर सांगा. आणि समुद्राला लागून असलेलं असं शांत पाणी तुम्ही कुठे पाहिलंत तेही लिहा.

तिरफळ
किनाऱ्याचं नंतर. मिरची केवढ्याला मिळाली? पुण्यात कुठेच मिळत नाही 😭

काणकोणचो
ताई, आईंना सांगा, पाणी आसा! मी तिथलाच, खोलपासून जवळच घर.

ते कायम सारखं नसतं मात्र. पावसात ओहोळाला जोर आला की बांध फुटतो आणि पाणी सरळ समुद्रात जातं. पाऊस सरला की लाटा परत वाळू आणून तोंड बुजवतात. एप्रिल-मेमध्ये पाणी बरंच उतरतं. त्यामुळे आईंना आणायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी लवकर आणि शनिवार-रविवार सोडून या.

बदल झालाय तो काठावर. तंबू, झोपड्या, कयाक वाढलेत. आमच्या लोकांना त्यातून चार पैसे मिळतात, म्हणून मी वाईट म्हणणार नाही. पण सांडपाणी आणि बाटल्या ओहोळात गेल्या तर बांधाआड पाणी अडलेलं असल्यामुळे घाण तिथेच साचून राहते. समुद्र ती धुऊन नेत नाही. येणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, हात जोडून सांगतो.

मिरची डोंगरउतारावर होते, निव्वळ पावसाच्या पाण्यावर. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. काणकोणातल्या चावडीच्या बाजारात ओळखीच्या बाईकडूनच घ्या, दुसरी मिरची खोलची म्हणून खपवतात.

माहेरवाशीण
@काणकोणचो देव बरें करूं! आत्ताच आईला वाचून दाखवलं. नोव्हेंबर म्हणजे दिवाळीच्या आधी की नंतर, विचारतेय 😀

शिडाचं_गलबत
आमचं देवबाग. तारकर्लीच्या पुढे जमीन निमुळती होत जाते, एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदीची खाडी. आत्याच्या घरी पुढच्या दारातून लाटांचा आवाज आणि मागच्या दारी होडी बांधलेली. लहानपणी पोहायला शिकलो ते मागच्या दारी. आत्याचा नियमच होता, खाडी पार करून दाखवल्याशिवाय समुद्रात जायचं नाही. आत्येभाऊ आता पर्यटकांना संगमावर नेतो. हंगामात गर्दी असतेच, पण भल्या पहाटे जाळी ओढणारे चारजण सोडले तर कुणी नसतं.

घर वाळूवर उभं आहे, दर पावसाळ्यात समुद्र थोडी जमीन घेऊन जातो. दगडी बंधारा घातलाय. आत्या आता थकली आहे, पण म्हणते इथून हलणार नाही.

मोगरा_गजरा
@शिडाचं_गलबत आत्याकडे राहायची सोय होते का? माशांचं जेवण मिळेल? आम्ही सहाजण, दोन शाकाहारी.

शिडाचं_गलबत
होते की. व्यनि (खाजगी निरोप) केलाय. शाकाहारींना सोलकढी आणि काजूची उसळ, हेवा वाटेल बाकीच्यांना.

पूर्वकिनारा
ह्यांची बदली भुवनेश्वरला होती तेव्हाचं. चिल्का सरोवर आपल्या सगळ्यांनी भूगोलात पाठ केलेलं. सातपाड्याहून होडीने वाळूच्या पट्ट्यावर उतरलो. मागे सरोवर, पुढे बंगालचा उपसागर, मधे आम्ही आणि लाल खेकडे. वाटेत इरावती डॉल्फिनची पाठ दिसली, लेक ओरडायचंसुद्धा विसरली.

होडीवाले काका कोळीच. त्यांनी सांगितलेलं अजून लक्षात आहे. सरोवराचं समुद्राकडचं तोंड गाळाने बुजत गेलं, आतलं पाणी गोडं व्हायला लागलं, पाणवनस्पती माजल्या आणि मासळी घटली. त्यांच्या गावातली तरुण मुलं सुरतेला कामाला गेली. मग २००० साली नवीन मुख खोदलं आणि मासळी परत आली. हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता. खारं आणि गोडं यांचं प्रमाण चुकलं की इतक्या घरांची चूल थंड होते, हे मला तिथे समजलं. पुस्तकात लगूनसाठी फक्त 'खारकच्छ' एवढाच शब्द होता.

पाटावरची_पोळी
किती छान लिहिलंय सगळ्यांनी. माझा अनुभव नाही, लातूरची आहे 🙏 वाचतेय.

आगबोट
@माहेरवाशीण काब द राम केलात की नाही? किल्ल्यात सेंट अँथनीचं चर्च आहे, अजून वापरात. १७६३ मध्ये सौंद्याच्या राजाकडून किल्ला पोर्तुगीजांकडे गेला, पुढे तुरुंगही होता तिथे. वनवासात राम-सीता इथे राहिले अशी गावात श्रद्धा आहे. संध्याकाळी तटावर उभं राहा, बोलायची इच्छा होत नाही. (किनाऱ्याचा धागा आहे ठाऊक आहे, पण राहवलं नाही.)

सागरगोटा
पोरांना घेऊन जाणाऱ्यांसाठी. लगून उथळ आणि शांत असतं म्हणून आपण निर्धास्त होतो. पण बांधाला जिथे तोंड फुटलेलं असतं तिथे ओहोटीला पाणी समुद्राकडे जोरात खेचतं, मोठा माणूसही उभा राहू शकत नाही. भाच्याला तिथे ओढला जाताना पाहिलंय. एका मच्छीमाराने झडप घालून दंड धरला म्हणून वाचला. तोंडापासून लांब खेळा आणि भरती-ओहोटीच्या वेळा गावकऱ्यांना विचारा.

काणकोणचो
@सागरगोटा शंभर टक्के बरोबर. आणि काब द रामला बुरूज, तटावर कठडा नाही सगळीकडे, तिथेही पोरांचा हात सोडू नका.

उसाचं_बेट
नमस्कार, मॉरिशसहून. आमचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडून इथे उसाच्या मळ्यांत आले. माझं मराठी आजीकडून आलेलं आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे. लाटा लांब तिच्यावर फुटतात, आत सगळं लगून. आजी त्या पाण्यात उभी राहून गणपती विसर्जन करायची. गणेश चतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते, किनाऱ्यावर भजन, आरती, सगळं.

२०२० च्या जुलैत एक मालवाहू जहाज आग्नेयेला प्रवाळावर चढलं, ऑगस्टमध्ये तेल गळायला लागलं. ब्लू बेजवळचं लगून काळं झालं. आम्ही कापडाच्या पिशव्यांत उसाचं पाचट भरून लांबच लांब वळकट्या शिवल्या आणि तेल अडवायला पाण्यावर सोडल्या. शाळेतली मुलं, म्हाताऱ्या, सगळ्या धर्मांचे लोक. ज्या उसाने पूर्वजांची पाठ मोडली, त्याचंच पाचट घेऊन आम्ही पाणी वाचवत होतो. त्यानंतर काही दिवसांनी विसर्जनाच्या वेळी मी फार रडले.

पूर्वकिनारा
@उसाचं_बेट तुमचं मराठी आमच्यापेक्षा सुंदर आहे. आजीबद्दल वेगळा धागा काढा ना. खरंच.

माहेरवाशीण
@उसाचं_बेट वाचून गळा दाटून आला. आजी आरती कुठली म्हणायची?

उसाचं_बेट
सुखकर्ता दुखहर्ताच! नवा धागा उद्या, इथे रात्र झाली आहे.

तिरफळ
माझ्या मिरचीचं कुणीच मनावर घेत नाही.

माहेरवाशीण
@तिरफळ घेतलंय हो. नणंद पुढच्या आठवड्यात येतेय, तुमच्यासाठी पाव किलो सांगते. कोथरूडला आहात ना? बांगड्याचं तिखलं करणार असाल तर मिरच्या आधी कोमट पाण्यात भिजवा, ओलं खोबरं, चिंच, हळद घालून बारीक वाटा. तिरफळं वाटायची नाहीत, ठेचून शेवटी टाकायची.

तिरफळ
कोथरूडलाच! तिरफळांचं मला सांगता होय 😄 तुमच्या आईंनाही जेवायला घेऊन या.

मोगरा_गजरा
काणकोणला गाडी थांबते का मुंबईहून, की मडगावला उतरायचं?

काणकोणचो
काही गाड्या थांबतात, वेळापत्रक पाहून घ्या. मडगावहून बसही आहे. शेवटचा रस्ता लाल मातीचा, खड्ड्यांचा आहे, म्हाताऱ्या माणसांसाठी उंच गाडी करा.